घरी अल्बम करायचाय? आधी खोली ऐका

तुम्ही विचारलंय: आठ गाणी तयार आहेत, गाता स्वतः, गिटारही स्वतःच वाजवता, हाताशी लॅपटॉप आहे. घरीच अल्बम करायचा तर कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, आणि तो स्टुडिओत केल्यासारखा वाजेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. हो, वाजेल. एक आवाज, एक-दोन वाद्यं आणि बाकीची साथ संगणकातली, एवढा पसारा असेल तर घरच्या खोलीतून निघालेलं काम कुठेही उणं पडत नाही. खरा ड्रम-सेट किंवा आठ-दहा वादक एकत्र वाजवायचे असतील तर मात्र मोठी, तयार केलेली खोली लागतेच. तिथे घरी जीव काढण्यापेक्षा एक दिवस स्टुडिओ घ्या, तेवढंच तिथे वाजवा आणि पुढचं काम घरी करा.

आता सॉफ्टवेअर. रीपर, आर्डर, गॅरेजबँड, लॉजिक प्रो, क्युबेस, एबलटन लाइव्ह यांतलं काहीही घ्या. दोन ट्रॅकची बेरीज सगळीकडे सारखीच होते, त्यामुळे आवाजाच्या दर्जात सॉफ्टवेअरमुळे फरक पडतो हे मनातून काढून टाका. फरक पडतो तो हाताला काय सोयीचं वाटतं याचा. रीपर आकाराने लहान आहे, जुन्या लॅपटॉपवरही धावतं आणि ६० दिवस पूर्ण स्वरूपात वापरून बघता येतं. मॅक असेल तर गॅरेजबँड मोफतच मिळतं आणि त्यात अल्बम पूर्ण होऊ शकतो. लिनक्सवर काम करणाऱ्यांसाठी आर्डर आहे. ऑडॅसिटी एखादी फाइल कापायला, साफ करायला उत्तम. पण वीस-पंचवीस ट्रॅक, मिडी (आवाजाऐवजी वाजवण्याच्या सूचना साठवणारी पद्धत) आणि सतत बदलतं मिक्स सांभाळायला ते अडचणीचं होतं. एक निवडा, आणि अल्बम होईपर्यंत दुसऱ्याकडे बघू नका.

माझ्या मते घरच्या अल्बमचं खरं दुखणं निराळंच असतं. घरी तासाचे पैसे मोजावे लागत नाहीत, म्हणून काही संपतच नाही. १९७९ साली टीॲक कंपनीने साध्या कॅसेटवर चालणारा चार ट्रॅकचा पोर्टास्टुडिओ आणला आणि घरी रेकॉर्डिंग करणं सामान्य वादकाच्या आवाक्यात आलं. त्यात तीन ट्रॅक भरले की ते एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे आणि मोकळे झालेले पुन्हा वापरायचे. एकदा उतरवलं की गिटारचा आवाज कमी आणि साथीचा जास्त करणं शक्य नसे. त्यामुळे माणूस त्याच क्षणी कान देऊन ठरवायचा. आज ट्रॅक अमर्याद, टेक (एका दमात केलेली रेकॉर्डिंगं) अमर्याद, मागे फिरणं अमर्याद. ऐंशी टक्के काम झालेले अल्बम हार्ड डिस्कवर वर्षानुवर्षं पडून असतात ते यामुळेच. म्हणून खाली जे सांगतोय त्यात एक सूत्र सगळीकडे दिसेल: प्रत्येक टप्प्यावर निर्णय घ्यायचा, तो ध्वनीच्या रूपात कायम करायचा आणि पुढे जायचं.

पहिला टप्पा, माईक सुद्धा न लावता. आठही गाणी फोनवर सरळ गाऊन-वाजवून घ्या. प्रत्येक गाणं थोड्या कमी आणि थोड्या जास्त लयीत, आणि शंका असेल तर अर्धा सूर वर-खाली पट्टीतही. दोन दिवसांनी ऐका. कोणत्या लयीत शब्द श्वासासकट बसतात आणि कोणत्या पट्टीत अंतऱ्याचा वरचा सूर न ओरडता लागतो, हे फोनवरच्या ध्वनिमुद्रणातही स्वच्छ कळतं. ते लिहून ठेवा: गाण्याचं नाव, दर मिनिटाला किती ठोके, पट्टी, मुखडा-अंतऱ्यांचा क्रम. हा कागद पुढे बदलायचा नाही. लय चुकलेली आहे हे सगळं वाजवून झाल्यावर कळलं तर पुन्हा शून्यापासून सुरुवात असते.

आता खोली. इथे जितका वेळ घालवाल तितका पुढे वाचेल. खोलीच्या मधोमध उभे राहून जोरात एक टाळी वाजवा. टाळीनंतर पत्र्यावर काहीतरी थरथरल्यासारखी शेपटी ऐकू आली तर समोरासमोरच्या उघड्या भिंतींमधून आवाज उड्या मारतोय. तीच शेपटी तुमच्या प्रत्येक ओळीला चिकटणार, आणि ती नंतर कोणत्याही प्लग-इनने (सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या साधनाने) पूर्ण निघत नाही. भिंतीवर पातळ फोमचे चौकोन चिकटवले की काम झालं असं बरेच जण समजतात. तो फोम फक्त वरच्या पट्टीतला आवाज शोषतो. खालचा घुमारा तसाच राहतो आणि खोली आणखी कोंदट वाटू लागते. तीन मीटर अंतरावरच्या दोन समांतर भिंतींमध्ये साधारण ५७ हर्ट्झला घुमारा उठतो, कारण त्या लांबीत त्या ध्वनीची बरोब्बर अर्धी लाट मावते. एवढ्या लांब लाटेला थोपवायला जाडी लागते: गाद्या, जाड रजया, दहा सेंटिमीटर किंवा त्याहून जाड मिनरल वूलचे फलक, तेही शक्यतो कोपऱ्यात, भिंतीपासून थोडे पुढे.

गाण्यासाठी एक सोपी मांडणी सांगतो. कार्डिऑइड माईक समोरचं ऐकतो आणि पाठीमागचं बरंचसं सोडून देतो. म्हणजे त्याला गाणाऱ्याच्या पाठीमागची भिंत दिसत असते. रजई लोक माईकच्या मागे टांगतात. ती आधी स्वतःच्या पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना टांगा. खोलीच्या अगदी मधोमध उभे राहू नका, कोपऱ्यातही नको. पंखा, फ्रिज, ट्यूबचा चोक, लॅपटॉपचा पंखा, सगळं कान लावून शोधा आणि बंद करा. लॅपटॉप शक्य तितका लांब ठेवा. सुरुवातीला अर्धा मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करा आणि ती हेडफोनवर मोठी करून ऐका. त्या खोलीत काय काय वाजतंय ते तेव्हा समजतं.

सामान मोजकं पुरतं: दोन इनपुटचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस (माईक आणि गिटार लॅपटॉपला जोडणारी पेटी), एक माईक, बंद कपांचा हेडफोन, तोंडातला हवेचा झोत अडवणारा पॉप फिल्टर आणि भक्कम स्टँड. लॅपटॉपच्या स्वतःच्या माईकच्या भोकात काही घालू नका. कंडेन्सर माईक बारकावे पकडतो, त्याला इंटरफेसमधून ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा लागतो. पण तो खोलीचेही बारकावे पकडतो. खोली घुमत असेल तर डायनॅमिक माईक जवळून वापरा. शुअरचा एसएम५८ १९६६पासून रंगमंचावर आहे आणि घरच्या खोलीतही तो अनेकदा महागड्या कंडेन्सरपेक्षा जास्त वापरण्याजोगा आवाज देतो. त्याला गेन, म्हणजे इंटरफेसवर आवाज वाढवणं, जास्त लागतो, एवढं लक्षात ठेवा.

प्रोजेक्ट २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर उघडा. ४४.१ सुद्धा चालेल, पण आठही गाण्यांना एकच. गेन असा लावा की सगळ्यात जोराच्या ओळीलाही मीटर उणे १० डेसिबलच्या आसपास थांबेल. ‘मीटर लाल होण्याच्या अगदी जवळ असावं’ हा सल्ला टेपच्या काळातला आहे, कारण तेव्हा खालून टेपची सळसळ वर यायची. २४ बिटला तात्त्विक पल्ला १४४ डेसिबलच्या घरात जातो; तुमच्या खोलीचा गोंगाट त्याच्या कितीतरी वर असतो. शून्याला आवाज एकदा फाटला की तो टेक गेला.

गाताना हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा येतो अशी तक्रार हमखास होते. त्याचं कारण बफर, म्हणजे संगणक एका वेळी ध्वनीचे जेवढे नमुने साठवून मग पुढे पाठवतो तो साठा. ४८ किलोहर्ट्झला १२८ नमुन्यांचा बफर म्हणजे पावणेतीन मिलिसेकंद, १०२४चा म्हणजे एकवीस. हे एका दिशेचं. जाऊन-येऊन दुपटीपेक्षा थोडं जास्त धरा. हवेतून आवाज एक मीटर जायला साधारण तीन मिलिसेकंद घेतो, म्हणजे १२८ बफरला कुणी दोन मीटरवरून वाजवल्यासारखं वाटेल आणि ते सहज चालतं. १०२४ला मात्र लय हातातून सुटते. रेकॉर्ड करताना बफर लहान, मिक्स करताना मोठा. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं (आवाज संगणकात न जाता सरळ हेडफोनला देणारं) बटण असेल तर तेच वापरा, मग बफरचा प्रश्नच मिटतो. विंडोजवर इंटरफेसबरोबर आलेला एसिओ ड्रायव्हर घालायला विसरू नका.

गिटारबद्दल सविस्तर लिहितो, कारण तुमच्या अल्बमचा कणा तीच आहे. तारा एक-दोन दिवस आधी बदला, म्हणजे त्या ताणून स्थिरावतात. प्रत्येक टेकच्या आधी सुरात लावा. माईक बाराव्या पडद्यासमोर वीतभर ते फूटभर अंतरावर ठेवा आणि त्याचं तोंड किंचित भोकाकडे वळवा. थेट भोकासमोर कधीही नको: तिथून पोटातली हवा १०० हर्ट्झच्या आसपास ‘भूम’ करत बाहेर येते आणि पूर्ण गाणं चिखलात रुतल्यासारखं होतं. आता हेडफोन घालून तीच एक ओळ वाजवत राहा आणि कुणाला तरी माईक चार बोटं इकडे, चार बोटं तिकडे हलवायला सांगा. पुलाकडे (ब्रिजकडे) नेला की लाकडी, जरा नाकातला आवाज. मानेकडे नेला की तारांची आणि बोटांची खसखस. या दोन-तीन इंचांत जेवढा बदल होतो तेवढा पुढे इक्वलायझरने होत नाही. जागा सापडली की जमिनीवर स्टँडच्या आणि खुर्चीच्या पायांभोवती चिकटपट्टीने खुणा करा आणि आठही गाण्यांची मुख्य गिटार त्याच मांडणीत, एकाच आठवड्यात वाजवून घ्या. अल्बम एकसंध वाटण्यामागे असली साधी कामं असतात. कुरकुरणारी खुर्ची, मनगटावरचं घड्याळ, शर्टाची बटणं, यांच्याकडेही बघा.

साथीची गिटार रुंद पसरलेली हवी असेल तर तोच भाग खरंच दोनदा वाजवा आणि एक डावीकडे, एक उजवीकडे ठेवा. एकाच टेकची नक्कल करून दोन्हीकडे ठेवलीत तर रुंदी येत नाही, फक्त आवाज वाढतो. दोन वादनांमधला तो सूक्ष्म फरकच कानाला रुंदी म्हणून ऐकू येतो.

तालवाद्यं, बेस, तंतुवाद्यांची पार्श्वभूमी संगणकातून घ्यायची असेल तर मिडीवर वाजवा. १९८३पासून हे मानक टिकून आहे आणि त्यात कोणता स्वर कधी, किती वेळ, किती जोरात अशा सूचनाच साठतात, म्हणून वाद्य नंतरही बदलता येतं. हीच सोय घात करते. शक्य तितकं हाताने वाजवा, प्रत्येक ठोका सॉफ्टवेअरमधल्या तालाच्या जाळीवर ओढून बसवू नका, जोर कमी-जास्त राहू द्या. वाद्य पसंत पडलं की तो ट्रॅक ऑडिओत उतरवा आणि मिडी लपवून टाका.

गाणं रोज एक, फार तर दोन. गळा थकला की सूर टिकतो पण शब्दांमधला जीव जातो, आणि ते त्याच दिवशी कळत नाही. माईकपासून वीतभर अंतर, मध्ये पॉप फिल्टर. प, फ, भ म्हणताना तोंडासमोर हात धरून बघा, हवेचा झोत कुठे लागतो ते कळेल. माईक त्या झोताच्या किंचित बाजूला घ्या. फार जवळ गेलात तर खालचा आवाज फुगतो. हळुवार गाण्यात तो गोड वाटतो, पण मग पूर्ण गाणं त्याच अंतरावरून गायला हवं. हेडफोनमधला लय दाखवणारा क्लिक जेमतेम ऐकू येईल एवढाच ठेवा, नाहीतर शांत ओळींच्या मागे टिकटिक माईकमध्ये शिरते.

ओळ-ओळ करून गाऊ नका. सबंध गाणं चार-पाच वेळा गा आणि निवड दुसऱ्या दिवशी करा. निवड करताना मी आधी सगळे टेक डोळे मिटून ऐकतो आणि एकच मुख्य टेक ठरवतो, जो सुराला कदाचित थोडा कमी असेल पण ज्यात गाणारा गाण्याच्या आत आहे. मग त्यातल्या फक्त पडलेल्या जागा दुसऱ्या टेकमधून भरतो. कापायचं ते श्वासाच्या आधी: पुढच्या ओळीचा श्वास त्या ओळीच्याच टेकमधला हवा. एका टेकचा श्वास आणि दुसऱ्याची ओळ जोडली की कान अडखळतो, ऐकणाऱ्याला कारण सांगता येत नाही पण खटकतं. जोडावर पाच-दहा मिलिसेकंदांचा क्रॉसफेड द्या, म्हणजे एक टेक विरताना दुसरा उमटतो. श्वास पुसू नका, फार तर थोडे हळू करा.

सूर दुरुस्त करणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल माझं मत ठाम आहे. ऑटो-ट्यून १९९७ साली आलं, आणि त्याच्या आपोआप चालणाऱ्या रीतीत प्रत्येक स्वर जवळच्या ठरलेल्या स्वरावर खेचला जातो. आपल्या गाण्यात मींड असते, हरकत असते, एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मधल्या श्रुतींतून जाणं असतं. त्या यंत्राला हा सगळा प्रवास चूकच वाटतो. लावायचंच असेल तर मेलोडाइनसारख्या साधनात हाताने, एकेका चुकलेल्या स्वरापुरतं लावा. आणि त्याआधी ती ओळ पुन्हा गाता येईल का ते बघा, घरी आहात म्हणून ते शक्य आहे.

मिक्सची सुरुवात प्लग-इनशिवाय, नुसत्या फेडरने (प्रत्येक ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या दांडीने) करा. सगळं मोनोमध्ये, बोलण्याइतक्या कमी आवाजात. मोठ्या आवाजात सगळंच छान वाटतं, कारण आवाज वाढला की कानाला खर्ज आणि तार दोन्ही जास्त ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३मध्येच मोजून दाखवलं होतं. कमी आवाजात शब्द कळत असतील तर तुमचा तोल बरोबर आहे. मग गाण्याच्या ट्रॅकवर ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं गाळा, आणि गिटार व आवाज २०० ते ४०० हर्ट्झमध्ये एकमेकांवर चढत असतील तर गिटारमधून तिथे दोन-तीन डेसिबल काढा. कॉम्प्रेसर (जोराचा आवाज आपोआप दाबणारं साधन) लावण्याआधी हळू पडलेले शब्द हाताने वर आणा. हे कंटाळवाणं काम आहे आणि याला पर्याय नाही. त्यानंतर तीनास एक प्रमाणाचा, चार-पाच डेसिबल दाबणारा कॉम्प्रेसर पुरतो. ‘स’ आणि ‘श’ शिट्टी मारत असतील तर ५ ते ८ किलोहर्ट्झमध्ये डी-एसर, म्हणजे तेवढीच शिट्टी दाबणारं साधन.

रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा, प्रत्येक ट्रॅकवर वेगळा लावू नका. एका बसवर (अनेक ट्रॅक एकत्र जातात त्या सामाईक मार्गावर) एक रिव्हर्ब ठेवा आणि सगळे ट्रॅक थोडे-थोडे तिथे पाठवा. आठही गाण्यांत तोच ठेवलात तर सगळा अल्बम एका जागेत घडल्यासारखा वाटतो. त्याला वीस ते चाळीस मिलिसेकंदांचा प्री-डिले द्या, म्हणजे शब्द आधी पोचतो आणि घुमारा मागून येतो. तुमच्या धाटणीचं एखादं चांगलं ध्वनिमुद्रण शेजारच्या ट्रॅकवर ठेवून अधूनमधून ताडून बघा, पण त्याची पातळी तुमच्या मिक्सइतकी खाली आणून. नाहीतर जे जोरात वाजतं तेच बरं वाटतं. फोनचा स्पीकर, साधे इअरफोन, गाडी या तिन्ही ठिकाणी ऐका, खटकलेलं कागदावर लिहा आणि मगच संगणकाजवळ या. एका गाण्याला अशा तीन फेऱ्या. तिसऱ्या फेरीनंतर मिक्स बंद करून पुढचं गाणं उघडा.

मास्टरिंग, म्हणजे तयार मिक्सवरचा शेवटचा हात, शक्य असेल तर दुसऱ्या कानाकडे द्या. तुम्हाला त्या गाण्यातला प्रत्येक जोड माहीत झालेला असतो, त्यामुळे तुमचा कान आता नवखा उरलेला नाही. स्वतःच करणार असाल तर मिक्स झाल्यावर किमान दोन आठवडे गाणी ऐकू नका. मग आठही एका प्रोजेक्टमध्ये ओळीने लावा. इथे लाउडनेसची स्पर्धा करू नका. स्पॉटिफाय सर्वसाधारण मांडणीत गाणी उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या जोराचं माप) पातळीला आणून वाजवतं, म्हणजे चिरडून मोठं केलेलं गाणं तिथे पुन्हा खालीच आणलं जातं आणि चिरडलेपण तेवढं उरतं. सलग अल्बम ऐकताना ते पूर्ण अल्बमची पातळी एकत्र धरतं, त्यामुळे शांत गाणं शांत राहू शकतं. ते तसंच ठेवा. ट्रू पीक, म्हणजे ध्वनीचं खरं सर्वोच्च टोक, उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. दोन गाण्यांमधली शांतता घड्याळाने मोजू नका: आधीच्या गाण्याची शेवटची अनुनादाची रेघ संपू द्या, पुढच्या गाण्याची लय मनात धरा आणि जिथे सम यावीशी वाटते तिथे ते सुरू करा. दोन गाणी एकमेकांना लागून बेसूर वाटत असतील तर पट्ट्या भांडतायत, क्रम बदला.

शेवटचं कारकुनी काम, पण चुकलं तर निस्तरणं अवघड. वितरकाला डब्ल्यूएव्ही फाइल द्या. २४ बिट चालत असेल तर तीच; १६ बिट मागितली तरच, आणि फक्त त्या शेवटच्या पायरीवर, डिदर (बिट कमी करताना येणारी खरखर झाकणारा अगदी हलका गोंगाट) लावा. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी संकेतांक (त्या ध्वनिमुद्रणाची ओळख) लागतो आणि पूर्ण अल्बमला वेगळा बारकोड. बहुतेक वितरक दोन्ही देतात. तुमचं नाव आठही ठिकाणी एकाच वर्णलेखनात लिहा, एका अक्षराच्या फरकाने दुसरं कलाकार-पान तयार होतं. गीतकार, संगीतकार, वादक यांची नावं त्यांना विचारून, त्यांच्या पसंतीच्या रूपात घाला. फाइल पाठवण्याआधी निर्यात झालेल्या मूळ फाइली क्रमाने, हातात शब्द घेऊन, एका बैठकीत ऐका. सुरुवात कापली गेलेली किंवा शेवट तुटलेला इथेच सापडतो. आणि प्रत्येक गाण्याचे सगळे ट्रॅक शून्य सेकंदापासून सुट्या फाइलींच्या रूपात निर्यात करून ठेवा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटला एका मोनो ट्रॅकचं एक मिनिट म्हणजे साडेआठ एमबीच्या आसपास, त्यामुळे पूर्ण अल्बम एका साध्या डिस्कवर सहज मावतो. दहा वर्षांनी ते सॉफ्टवेअर उघडेल याची खात्री नसते, डब्ल्यूएव्ही उघडेल. अशा दोन प्रती करा, एक घरात, दुसरी घराबाहेर.